गच्चीचं भाडं

धाकट्या भावाच्या घराची वास्तुशांत होऊन दीड महिना झाला असेल. एका दुपारी महापालिकेचा माणूस घडी घातलेला कागद देऊन, वहीत सही घेऊन गेला. वहिनींनी तो गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवून दिला. घरपट्टीचं बिल असणार, सावकाश भरू, असा त्यांचा हिशोब. नऊ दिवसांनी मी सहज गेलो तेव्हा भावानं तो पुढे केला आणि म्हणाला, "दादा, बघ जरा. शेजारच्यांना याच्या निम्मीसुद्धा घरपट्टी नाही."

तो कागद बिल नव्हताच. ती विशेष नोटीस होती. तुमच्या घराचं करयोग्य मूल्य आम्ही एवढं धरायचं ठरवलं आहे, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवा, असं तिच्यात म्हटलं होतं. पंधरांतले नऊ दिवस गॅसच्या पुस्तकाशेजारी गेले होते.

नवं घर बांधणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच चुकते. बिल ओळखीचं असतं, म्हणून ते आलं की माणूस जागा होतो. पण बिल म्हणजे ठरून गेलेल्या गोष्टीची वसुली. ती गोष्ट ठरत असताना एकदाच विचारणा होते आणि ती या नोटिशीतून. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याच्या कर आकारणीच्या नियमांनुसार एखादी मिळकत पहिल्यांदा आकारणी पुस्तकात चढते किंवा तिचं मूल्य वाढवलं जातं, तेव्हा मालकाला अशी स्वतंत्र नोटीस द्यावीच लागते. नियमाच्या मूळ मजकुरात हरकतीसाठी पंधरा दिवस आहेत. तरी आपल्या नोटिशीवर जी मुदत छापली असेल तीच धरावी, आणि ती नोटीस हाती पडल्या दिवसापासून मोजावी. म्हणून कागदाच्या मागे मिळाल्याची तारीख पेनानं लिहून ठेवावी. लिफाफा आला असेल तर तोही टाकू नये.

आता हे करयोग्य मूल्य म्हणजे काय? पुण्यात मिळकत कर, मुंबईत मालमत्ता कर, कोल्हापुरात घरफाळा आणि बोलताना सगळीकडे घरपट्टी. नावं कितीही असली तरी बहुतेक शहरांत त्याखाली एकच जुनी कल्पना आहे, आणि ती थोडी गमतीशीर आहे. कायदा तुमच्या घरात एक काल्पनिक भाडेकरू आणून बसवतो. हे घर वर्षाच्या करारानं दिलं तर वाजवी भाडं किती येईल, असं स्वतःला विचारतो. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट दहा टक्के वजा करतो. उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर टक्केवारीनं कर. तुम्ही घर भाड्यानं देणार नाही, आयुष्यभर त्यातच राहणार आहात, याच्याशी या गणिताला घेणंदेणं नाही.

प्रत्येक घराचं भाडं वेगळं ठरवणं शक्य नसतं. म्हणून महापालिका शहराचे विभाग पाडते आणि बांधकामाचा प्रकार व वापर पाहून दर चौरस मीटरला महिन्याचा एक दर ठरवून ठेवते. मग उरतो निव्वळ गुणाकार. भावाच्या नोटिशीत क्षेत्रफळ ११८ चौरस मीटर होतं. गणित सोपं व्हावं म्हणून दर महिना ३० रुपये धरू. ११८ गुणिले ३० गुणिले १२ म्हणजे ४२,४८० रुपये वार्षिक भाडं. दहा टक्के वजा जाता ३८,२३२. सगळे कर मिळून या मूल्याच्या चाळीस टक्के होतात असं धरलं, तर वर्षाची घरपट्टी १५,२९२ रुपये ८० पैसे.

भाऊ शेवटच्या आकड्याकडे बोट दाखवून भांडायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, त्या आकड्यात चूक नाही, गुणाकार यंत्रानं केलाय. चूक असलीच तर गुणाकारात घातलेल्या आकड्यांत असेल. कर घरावर लागत नाही, महापालिकेच्या दप्तरात त्या घराचं जे वर्णन आहे त्यावर लागतो. भांडण वर्णनाशी करावं लागतं. 'घरपट्टी फार जास्त आहे, कमी करावी' हा अर्ज टेबलावरचा माणूस वाचून बाजूला ठेवतो, कारण त्यावर त्याला करण्यासारखं काही नसतं. 'क्षेत्रफळ ११८ लावले आहे, मंजूर नकाशाप्रमाणे ते ९२ आहे, फेरमोजणी व्हावी' या अर्जावर मात्र त्याला काहीतरी करावंच लागतं.

आमच्या बाबतीत खरोखर तसंच होतं. नकाशात घर ९२ चौरस मीटरचं, आणि वरच्या खोलीला लागून २६ ची मोकळी गच्ची. मोजणीचा कागद मागून घेतला तेव्हा उलगडा झाला. निरीक्षक आले त्या दिवशी रंगकाम चालू होतं आणि ऊन लागू नये म्हणून रंगाऱ्यांनी गच्चीवर हिरवी जाळी बांधली होती. कागदावर तिची नोंद 'आच्छादित' अशी झाली. आणि आच्छादित म्हणजे खोली. त्या दोन दिवसांच्या जाळीखाली आमच्या काल्पनिक भाडेकरूनं बिऱ्हाड थाटलं होतं. ९२ नं गुणून पाहा. वार्षिक भाडं ३३,१२०, करयोग्य मूल्य २९,८०८, घरपट्टी ११,९२३ रुपये २० पैसे. फरक वर्षाला ३,३६९ रुपये ६० पैसे. दर कधीच वाढला नाही असं धरलं तरी पंधरा वर्षांत पन्नास हजारांवर. वीजबिलातली चूक पुढच्या महिन्याच्या वाचनात उघडी पडते. इथे मीटरच नाही, त्यामुळे एकदा चढलेलं क्षेत्रफळ वर्षानुवर्षं तसंच चालत राहतं.

नव्या घरांच्या बाबतीत क्षेत्रफळाची चूक सर्वांत जास्त होते आणि तिची मुळं अनेक आहेत. बिल्डरच्या माहितीपत्रकात विक्रीचं क्षेत्र असतं, त्यात जिना, लिफ्ट, व्हरांड्याचा वाटा मिसळलेला असतो. नकाशात बांधीव क्षेत्र असतं. २०१६ च्या रेरा कायद्यानं चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाहीत, स्वतंत्र बाल्कनी आणि मोकळी गच्ची धरायची नाही. पण ती व्याख्या घराच्या विक्रीसाठी आहे. घरपट्टीसाठी तुमची महापालिका चटई क्षेत्र धरते की बांधीव, आणि गच्ची किंवा गाडी लावायची जागा अजिबात सोडते की कमी दरानं आकारते, हे तिच्या दरपत्रकात पाहावं लागतं. ते न पाहता नुसता करारनामा घेऊन गेलात तर सुनावणी पाच मिनिटांत संपते. भर म्हणून चौरस फूट आणि चौरस मीटरचा घोळ असतोच. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, हा आकडा खिशात ठेवावा.

दुसरी चूक वापराची. तळमजल्यावर बांधकामाचं सामान ठेवायला शटर लावलेलं असलं, की त्या खोलीला 'दुकान' म्हणून दर लागतो, आणि बिगरनिवासी दर निवासीपेक्षा बराच चढा असतो. हे ओळखायची एक सोपी खूण आहे, बिल आलेलं असेल तर तिथेच दिसते. राज्य सरकारचे दोन कर महापालिका घरपट्टीबरोबर गोळा करते, शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. यांतला रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी मिळकतींना असतो. तुम्ही नुसते राहत असाल आणि बिलात त्या ओळीपुढे रक्कम असेल, तर कुठेतरी तुमचं घर दुकान झालेलं आहे.

तिसरी चूक दुहेरी आकारणीची. घर बांधण्याआधी मोकळ्या प्लॉटला कर लागत होता, किंवा तिथलं जुनं घर पाडून नवं बांधलेलं असतं. नव्या घराला नवा मिळकत क्रमांक मिळतो, जुना बंद होत नाही. दोन्हींची बिलं निघतात. जुनं बिल बहुधा जुन्या पत्त्यावर जातं किंवा परत जातं, त्यामुळे मालकाला पत्ता नसतो आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत जाते. नव्या आकारणीच्या अर्जातच 'जुना क्रमांक अमुक, तो अमुक तारखेपासून बंद करावा' असं वाक्य घालावं.

तारखेची चूकही असते. घर पूर्ण होण्याआधीपासून कर लावलेला असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, ताबापत्र आणि विजेच्या मीटरची तारीख हे तीन कागद बोलतात. मात्र तुम्ही भोगवटा मिळण्याआधीच राहायला गेला असाल आणि मीटर तसं सांगत असेल, तर हा मुद्दा काढण्याआधी दोनदा विचार करा. भोगवटा नसलेल्या किंवा नकाशाबाहेर वाढवलेल्या बांधकामावर १९४९ च्याच कायद्याच्या कलम २६७-अ खाली दरवर्षी मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते. पिंपरी-चिंचवडमध्ये हा शास्तीकर वर्षानुवर्षं निवडणुकीतला विषय होता आणि २०२३ मध्ये सरकारनं तिथली शास्ती माफ केली. घर खरोखर परवानगीचं असून दप्तरात भोगवटा प्रमाणपत्र न पोचल्यामुळे शास्ती लागली असेल, तर ती दुरुस्त होण्याजोगी चूक आहे. वरचा मजलाच बेकायदा असेल, तर तो घरपट्टीच्या टेबलावर सुटणारा प्रश्न नव्हे. घरपट्टी भरल्यानं बांधकाम कायदेशीर होत नाही, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावाही नव्हे.

आता भावाच्या 'शेजारच्यांना निम्मी' या तक्रारीकडे येऊ. ती खरी होती, पण कामाची नव्हती. शेजारचं घर १९८८ चं. त्याची आकारणी त्या काळच्या दरानं झालेली. याचं एक कारण भाडेनियंत्रणात आहे. भाडं कायद्यानं गोठवलेलं असेल तर काल्पनिक भाडंही त्या गोठवलेल्या भाड्यापेक्षा जास्त धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्ता महापालिकेच्या खटल्यात दिला आणि पुढे तो पुन्हा पुन्हा उचलून धरला. जुन्या घरांची मूल्यं अशी खाली राहिली. जुन्यांचे दर वाढवणं राजकीयदृष्ट्या कोणालाच परवडत नाही, म्हणून वाढीचा भार नव्या बांधकामांवर पडत गेला. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे, पण तो धोरणाचा अन्याय आहे, आकारणीतली चूक नाही, आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात तो नसतो. तुलना करायचीच तर त्याच विभागातलं, त्याच सुमाराचं, त्याच प्रकारचं घर शोधा. अशा दोन घरांना वेगळे दर लागले असतील, तर मग तो मुद्दा भक्कम आहे.

पुण्यात आणखी एक गोष्ट पाहावी. मालक स्वतः राहत असेल तर चाळीस टक्के सवलत, हा तिथला १९७० पासूनचा रिवाज. मध्यंतरी सरकारनं त्याला हरकत घेतली. त्यामुळे २०१९ नंतर आकारणी झालेल्या नव्या घरांना ती मिळेनाशी झाली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं ती पुन्हा चालू केली, पण ती आपोआप लागेल असं धरून बसू नये. पीटी-३ नावाचा अर्ज आणि स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. नव्या घराचं बिल फुगलेलं दिसलं तर पुणेकरानं चूक शोधण्याआधी हा अर्ज भरला आहे का ते पाहावं.

मुंबईचं गणित वेगळं. तिथे १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरतात. जागेचा सरकारी दर, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला आणि चटई क्षेत्र यांचा गुणाकार. महापालिकेनं त्यात जमिनीवर पुढेमागे किती बांधता येईल याचाही हिशोब घातला होता. तो नियम उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२२ रोजी रद्द ठरवला. कर आज जे आहे त्यावर, उद्या बांधता येईल त्यावर नाही. मुंबईत ४६.४५ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून पूर्ण करमाफी आहे. त्यामुळे तिथे क्षेत्रफळातली अर्ध्या चौरस मीटरची चूक म्हणजे सगळंच किंवा काहीच नाही. छोटं घर असेल तर स्वतः टेप लावून मोजा, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

गावात घर बांधलं असेल तर आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये दिसते. तलाठ्याकडचा ८-अ उतारा वेगळा, तो जमिनीचा, तो घेऊन ग्रामपंचायतीत गेलात तर हेलपाटा ठरलेला. आकारणी मान्य नसेल तर अपील पंचायत समितीकडे.

पुन्हा आमच्या उरलेल्या सहा दिवसांकडे. मी भावाला पानभर अर्ज लिहायला लावला. वर नोटिशीचा क्रमांक, मिळकत क्रमांक, नोटीस मिळाल्याची तारीख. खाली एकच मुद्दा, गच्चीचा. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, गच्चीचे चार फोटो. भावाला रस्त्यावरचे दिवे, नळाला न येणारं पाणी आणि वॉर्डातली कुत्री हेही लिहायचं होतं. ते काढून टाकलं. अर्जात पाच तक्रारी असल्या की उत्तर सर्वांत सोप्या तक्रारीला मिळतं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. ही पोच फार मोलाची असते, कारण पुढची सगळी इमारत तिच्यावर उभी राहते.

ते कसं, तर १९४९ च्या कायद्यात महापालिकेच्या निर्णयाविरुद्ध कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येतं. पण तीन अटी आहेत. आधी मुदतीत हरकत नोंदवलेली असली पाहिजे आणि अपील निर्णयानंतर पंधरा दिवसांत केलं पाहिजे. शिवाय मागितलेली कराची रक्कम महापालिकेकडे भरलेली असावी लागते. आधी भरा, मग भांडा, हे अनेकांना खटकतं. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या खटल्यात याच अटीला आव्हान दिलं गेलं होतं, कारण गुजरातेतही हाच कायदा लागू होता. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये अट वैध ठरवली. म्हणून घरपट्टी अडवून धरण्याचा बाणेदारपणा इथे कामाला येत नाही. न भरलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के चढतात. भरावं, आणि भरताना 'हरकत प्रलंबित असून ती राखून भरणा करीत आहे' असं पत्र द्यावं.

आणि नोटिशीची मुदत उलटून गेली असेल तर? दार अगदी बंद होत नाही. महापालिका दरवर्षी नवं आकारणी पुस्तक तयार करत नाही. जुन्याच नोंदी पुढे चालवते आणि किमान चार वर्षांतून एकदा नवं पुस्तक करते. पण जुन्या नोंदी पुढे चालवतानाही तिला जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकती घ्याव्या लागतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टाइपात येणारी ती सूचना कुणी वाचत नाही. ती तुमची पुढची संधी. दरम्यान माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मोजणीचा कागद आणि विभागाचं दरपत्रक मागवून ठेवावं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.

सुनावणीची तारीख पाच आठवड्यांनी आली. सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. लोखंडी कपाटांच्या मधोमध एक टेबल, पलीकडे अधिकारी आणि अलीकडे आपल्यासारखेच फायली धरलेले दहा जण. अधिकाऱ्यांनी नकाशा पाहिला, फोटो पाहिले आणि भावाला विचारलं, "जाळी कुठाय आता?" तो म्हणाला, "रंगारी घेऊन गेले साहेब." अधिकारी हसले आणि फेरमोजणीचा शेरा मारला. गैरहजर राहिलो असतो तर निर्णय आमच्या पाठीमागे झाला असता, हे तिथे बसल्या बसल्या दोघांच्या बाबतीत घडताना पाहिलं.

फेरमोजणीला दुसरे निरीक्षक आले. पुण्यात त्यांना अजून पेठ निरीक्षक म्हणतात, पेठांबाहेरच्या भागातसुद्धा. आमचं शहर वेगळं, पण टेप तोच. हे गृहस्थ काटेकोर होते. गच्ची पाहून त्यांनी ती कागदावरून खोडली, कारण त्या महापालिकेच्या दरपत्रकात मोकळी गच्ची धरत नाहीत. मग घरभर फिरले. जिन्याखालचं दार उघडलं. आत वहिनींची लोणच्याची बरणी, इस्त्रीचं टेबल आणि दोन सुटकेसा होत्या. "हे पहिल्या मोजणीत राहिलंय," असं म्हणत त्यांनी टेप लावला. अडीच चौरस मीटर.

नवा आदेश ९४.५ चौरस मीटरचा आला. आधी भरलेली जादा रक्कम रोख मिळाली नाही, पुढच्या बिलात वळती झाली. वहिनी आता जिन्याखालच्या खोलीला 'भाडेकरूची खोली' म्हणतात.